बंदूक, परवाना आणि आवाज

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा. पण आमच्या लहानपणी आम्ही मुले तो कानांनीच साजरा करीत असू. पहाटे नरकासुराच्या नावाने पहिला बार कोणाच्या अंगणात उडाला, हे अंथरुणात पडल्यापडल्या ओळखण्याची आमच्यात पैज लागे. आता या आवाजालाही सरकारने माप लावून दिले आहे. उडवायच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक वाजणारा फटाका तयार करण्यास व विकण्यास आपल्याकडे मनाई आहे. दारू मनुष्याच्या हाती आली की तिचा हिशेब ठेवणारा कोणीतरी तिच्या पाठोपाठ येतोच. हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर कसकसा ठेवला गेला, त्याची ही हकिकत आहे.

हा विषय मला सुचवला तो एका विद्यार्थ्याने. मी रेवसच्या बाजूला मास्तरकी करतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झालेले नाही; पण पोरांच्या प्रश्नांनी माणसाला म्हातारपणापर्यंत शिकते ठेवावे, अशी या धंद्याची रीतच आहे. वर्गात हेरकथांविषयी बोलणे चालले असता मी सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा उल्लेख केला. तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सायलेन्सर तर बुलेटला असतो!" वर्ग खो खो हसला. पण पोराचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. मोटारीचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर ही एकाच कल्पनेची भावंडे आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन यंत्रज्ञाने बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळवले, आणि त्याच तत्त्वावर इंजिनांचा आवाज कमी करणारी साधनेही त्याने तयार केली. त्याचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा मॅक्सिम तोफेचा, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणाऱ्या पहिल्या यशस्वी मशीनगनचा जनक. बापाने जगाचे कान फोडले आणि मुलाने त्यांत बोळे घातले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता गंमत पाहा. मोटारसायकलचा सायलेन्सर काढून गावातून फटफटत जाणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे; आणि बंदुकीला सायलेन्सर लावून हिंडणे हाही गुन्हाच. एकाला मुके राहण्याची सक्ती, दुसऱ्याला मुके होण्याची बंदी. कायद्याला हे वेड कोठून लागले, असे मुलांनी विचारले तेव्हा मी त्यांना म्हटले, "त्यासाठी आपल्याला आधी बंदरावर गेले पाहिजे."

रेवसचे बंदर नकाशावर एवढेसे दिसते. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी, समोर करंजा, उत्तरेस मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच येथे लागते, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली तेव्हापासून हे नाव साऱ्या महाराष्ट्राने हळहळून उच्चारले. पण या पाण्याला त्याहून जुन्या आठवणी आहेत. येथून दक्षिणेस काही अंतरावर खांदेरी-उंदेरीची बेटे आहेत. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रजांशी तेथे त्यांची झटापट झाली. त्याच्याही खाली कुलाब्याचा किल्ला, आणि आणखी पुढे चौल-रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे ठाणे.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून या समुद्रावर एक कागद चालू केला. त्याला ते 'कार्ताझ' म्हणत. आपल्या व्यापाऱ्याचे गलबत बंदरातून निघावयाचे तर हा कागद विकत घ्यावा लागे. त्यावर गलबताचे आकारमान, नाखव्याचे नाव, माणसे किती आणि हत्यारे कोणती हे सर्व नोंदलेले असे. कागद नसला किंवा कागदाबाहेरचे काही सापडले, तर गलबत मालासकट जप्त. हत्यार बाळगण्याचा परवाना म्हणतात तो आमच्या किनाऱ्याला इंग्रजांनी प्रथम दाखवला असे मानण्याचे कारण नाही. समुद्रावर तो त्यांच्याही आधीपासून हिंडत होता.

मग कान्होजी आंग्रे आले. त्यांनी कार्ताझ निमूटपणे मानला नाही; त्यांनी आपले दस्तक सुरू केले. या पाण्यावर हुकूम मराठ्यांचा, तेव्हा ये-जा करणाऱ्याने आमचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा साधा हिशेब होता. मुंबईच्या इंग्रजांना तो पटला नाही. आपल्या परवान्याखाली चालणारी गलबते आंग्र्यांनी अडवू नयेत असा त्यांचा हट्ट, आणि परवाना देणारे तुम्ही कोण असा आंग्र्यांचा सवाल. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. इंग्रजी बखरकारांनी कान्होजींना चाचा ठरवले. परंतु नीट पाहिले तर भांडण चाचेगिरीचे नव्हते. कागदावर शिक्का कोणाचा, एवढाच त्यात प्रश्न होता. मला वाटते, परवान्याच्या साऱ्या इतिहासाचे बीज येथेच आहे. परवाना म्हणजे हत्यारावर लावलेली मालकाची खूण नव्हे. मालकावर कोणाची हुकमत चालते त्याची ती खूण होय.

१८४० साली आंग्र्यांचे राज्य खालसा झाले आणि शिक्का इंग्रजांचा झाला. पुढे १८५७ चे युद्ध पेटून विझले. त्याचा धसका घेऊन सरकारने १८६० साली हत्यारांचा कायदा केला, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली तो चांगलाच आवळला. त्या कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या पोटात बंदुका आणि तोफा तर होत्याच, पण तलवारी, खंजीर, भाले आणि धनुष्यबाणही होते. बंदूक बाळगावयाची तर परवाना, हत्यार घेऊन बाहेर पडावयाचे तर परवाना. आणि युरोपियनांना मात्र नियमांनी सूट! एकाच रस्त्याने साहेब बंदूक खांद्यावर टाकून शिकारीस निघाला तर तो सद्गृहस्थ, आणि त्याच्या मागून येणारा गावचा पाटील बिनपरवाना असला तर गुन्हेगार. कायद्याने माणसाच्या कातडीचा रंग इतक्या उघडपणे वाचावा, हे सुशिक्षितांच्या जिव्हारी लागले.

त्याच १८७८ साली लिटनने देशी भाषांतील वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही केला. लेखणी आणि बंदूक, दोन्ही एकाच वर्षी सरकारच्या कुलपात गेल्या. पुढे लॉर्ड रिपनने १८८२ साली लेखणीचे कुलूप काढले. बंदुकीचे मात्र तसेच राहिले. तसे ते का राहिले, हे समजण्यास फार लांब जावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील, पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली रामोशी जमवून बंड उभारले. हत्यारांचा कायदा होऊन पुरते दोन वर्षेही झाली नव्हती. फडके पकडले गेले, त्यांना एडनला नेण्यात आले आणि तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. कायद्याने हत्यार हिरावून घेता येते, पण मनातील चीड हिरावता येत नाही, हे सरकारने पाहिले आणि कुलूप अधिकच घट्ट धरले.

राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्या काळची राष्ट्रसभा म्हणजे वकील-डॉक्टरांची, अर्ज-विनंत्या करणारी सभा. तिला बंदुका हव्या होत्या त्या उडवण्यासाठी नव्हेत. आमच्यावर तुमचा विश्वास नाही, ही गोष्ट आम्हाला बोचते, असे तिचे सांगणे होते. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण अहिंसेचे आचार्य महात्मा गांधी यांनीही हा काटा कधी विसरला नाही. १९३० च्या जानेवारीत मिठाच्या सत्याग्रहापूर्वी त्यांनी व्हाइसरॉयपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत मिठावरील कर रद्द करा, शेतसारा निम्मा करा, यांच्या पंक्तीला शेवटचा मुद्दा होता तो स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्या, असा. मात्र त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, ही अट त्यांनीच घातली होती. पुढच्याच वर्षी कराची येथील काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा, असे कलम घातले.

मग स्वराज्य आले. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णू कामथ यांनी कराचीच्या त्या ठरावाची आठवण करून दिली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घाला, अशी उपसूचना मांडली. तिला उत्तर दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२७ साली आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, कायदा आपल्या बाजूस असूनही मार खाल्लेल्या माणसांचे ते पुढारी. दुबळ्याच्या हातात काय असते आणि दांडग्याच्या हातात काय असते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. त्यांनी सांगितले की, हा हक्क सर्वांस सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तोच हक्क मागतील आणि त्यांना अडवता येणार नाही; प्रश्न आहे तो देशाच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा. उपसूचना नामंजूर झाली. आज आपल्या घटनेत सभा भरवण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि विनाशस्त्र सभा भरवण्याचा.

ज्या कायद्याविरुद्ध साठ-सत्तर वर्षे ठराव केले, तोच आपण थोडासा धुऊन पुन्हा अंगात घातला, अशी टीका त्यावर होते. टीकेत तथ्य आहे. पण धुण्याने फरकही पुष्कळ पडला. नवा शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात रंगाचा आणि जातीचा भेद उरला नाही. लाठी, साधी काठी, घरच्या व शेतीच्या कामाची अवजारे यांना 'शस्त्र' म्हणावयाचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. आमच्या आगरातल्या कोयत्याने तेव्हा निःश्वास टाकला असेल! परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदले पाहिजे, त्यावर अपील करता आले पाहिजे. आणि मला सर्वांत आवडलेले कलम असे की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही. इंग्रजाच्या दरबारी वतन आणि वाडा पाहून बंदूक मिळे. नव्या कायद्याने निदान कागदावर तरी गरिबाची पत मान्य केली. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, असा तर कायद्यातच निराळा उल्लेख आहे.

अशी एक ठासणीची बंदूक आमच्या आळीत होती. तिचे मालक आम्हा सर्वांचे आजोबा. डुकरे वरकस जमिनीत उतरू लागली की ते रात्री माळ्यावर बसत. मध्यरात्री एकच बार निघे, आणि घरोघरी बायका कूस बदलून म्हणत, "आजोबा जागे आहेत." त्या बाराने डुकरे पळत, आणि गाव निर्धास्त झोपे. निवडणूक जाहीर झाली आणि पोलिसांची नोटीस आली की आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यावर जमा करून येत आणि पावती देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवीत. आजी चिडवी, "अहो, ती काय देवाची हुंडी आहे?" ते म्हणत, "ही हरवली तर उद्या माझीच बंदूक मला चोरीची ठरेल." ते गेले तेव्हा तेरावे आटोपताच मुलांनी बंदूक ठाण्यात पोचवली. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. धनी गेला की हत्यार बेवारस होते आणि ते ठाण्यावर किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ती पुन्हा सोडवून आणण्याची खटपट कोणी केली नाही.

आता मुक्या बंदुकीकडे वळू. १८७८ च्या कायद्यात सायलेन्सरचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. तो जन्मलाच नव्हता. १९५९ च्या कायद्याने मात्र त्याची नीट दखल घेतली. 'अग्निशस्त्र' या शब्दाची व्याख्या करताना, उडवण्याचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेले साधनही अग्निशस्त्रच होय, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या नळीच्या तुकड्यातून आपण होऊन एक छर्राही सुटत नाही, तो नुसता घरात सापडला तरी कायद्याच्या लेखी बंदूकच सापडली! तुमच्या बंदुकीचा परवाना त्याला लागू पडत नाही. नियमांच्या परिशिष्टात त्याला पहिल्याच, म्हणजे सर्वांत कडक वर्गात बसवले आहे. सामान्य नागरिकाने तो बाळगावा अशी सोय त्यात जवळजवळ नाही. बिनपरवाना अग्निशस्त्राची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडील बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची केली, आणि लग्नावरातीत हौसेखातर बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली.

परवाना असला तरी तो कोठे चालतो, हेही त्यावर लिहिलेले असते. आमच्याकडे परवाना देतात अलिबागचे जिल्हाधिकारी. मुंबईत तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. कोणाचा परवाना जिल्ह्यापुरताच असेल आणि तो बंदूक घेऊन रेवसहून लाँचमध्ये बसला, तर भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवताच तो बिनपरवान्याचा झाला! कान्होजींच्या दस्तकाचीही हद्द पाण्यातच संपत असे.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथे १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर बंदी न घालता २०० डॉलरचा कर बसवला. ही रक्कम त्या काळी खुद्द सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होती. अर्ज करावयाचा, छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावयाचे, केंद्र सरकारच्या दप्तरी आपल्या नावे नोंद करावयाची आणि नोंदीचा कागद जपून ठेवावयाचा. २०२५ साली झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आणला. नोंदणी मात्र कायम ठेवली. शिवाय काही राज्यांत त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि आपली पुष्कळ मराठी मंडळी जेथे राहतात ते न्यू जर्सी त्यांपैकीच. उलट नॉर्वे-फिनलंडकडील शिकारी तो सर्रास वापरतात. शेजाऱ्याच्या आणि आपल्याही कानांना त्रास देऊ नये, हा तेथे शिष्टाचार समजला जातो. आणि ते खरेही आहे. सिनेमात दाखवतात तसा फुस्स असा आवाज प्रत्यक्षात होत नाही. बंदुकीचा बार १४० ते १६५ डेसिबलपर्यंत जातो. सायलेन्सरच्या आतील पडद्यांत तापलेला वायू अडतो, पसरतो, थंड होतो, आणि आवाज वीस-तीस डेसिबलांनी उतरतो. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका तर तो थांबवूच शकत नाही. म्हणजे मुकी म्हणवणारी बंदूकही आपल्या दिवाळीच्या बाँबच्या जवळपास वाजते.

मग आपला कायदा एवढा कडक का, असे विचारणाऱ्यास मी आमच्या किनाऱ्याकडे बोट दाखवीन. १९९३ च्या आरंभी याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे रात्रीच्या अंधारात शस्त्रे व स्फोटके उतरली. ज्यांनी पाहावयाचे त्या सरकारी नोकरांपैकी काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. तेव्हापासून किनाऱ्यावरील माणूस अनोळखी होडीकडे निराळ्या नजरेने पाहतो. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला एक निर्मनुष्य नौका लागली आणि तीत तीन एके-४७ बंदुका मिळाल्या, तेव्हा सारा जिल्हा हादरला. चौकशीत कळले की, जूनमध्ये ओमानजवळ बिघडल्यामुळे खलाशांनी सोडून दिलेली, एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची ती 'लेडी हान' नौका होती आणि लाटांबरोबर वाहत आली होती. कट नव्हता, पण त्या एका दिवसात लोकांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

शेखाडीची शस्त्रे उतरली ती आवाज न करता. चोख कागद, मोठे कायदे, शिक्क्यांवर शिक्के, सगळे असूनही ती उतरली, कारण गाव झोपले होते आणि पहारा विकला गेला होता. नॉर्वेतल्या शिकाऱ्यास शेजाऱ्याच्या झोपेची काळजी करता येते. आमच्या गावांना अजून रात्री बार कोणी काढला हे कळणे हवे आहे. आजोबांच्या बाराला सारी आळी साक्षीदार असे: कोणी काढला, कोठून काढला, कशासाठी काढला, हे घरोघर ठाऊक. त्यांच्यावर ठाण्याचा जेवढा विश्वास होता, त्याहून अधिक त्या कूस बदलणाऱ्या बायकांचा होता, आणि माझ्या मते तोच त्यांचा खरा परवाना होता. मुकी बंदूक ही साक्ष पुसून टाकते. म्हणून तिच्यावरील बंदी मला जाचक वाटत नाही; जो नियम मोडावयाचा तर आधी शेजाऱ्याचा कान चुकवावा लागतो, तो नियम बहुधा शेजाऱ्याच्याच भल्याचा असतो.

मागच्या बाकावरच्या त्या पोराने हे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग सर, बुलेटचा सायलेन्सर काढला तर पोलीस का पकडतात? आवाज झालेला चांगलाच ना?"

मी त्याला सांगितले की, गावाला जागे करण्याचा आवाज आणि गावाला झोपू न देण्याचा आवाज यांतला फरक ज्याला कळला, त्याला कायद्याची निम्मी पुस्तके वाचावयाची गरज नाही. पोराने मान हलवली. गेल्या आठवड्यापासून त्याच्या भावाची बुलेट शाळेवरून जरा हळू जाते, असे माझ्या कानावर आले आहे.